नानांच्या यार्डातलं पन्नासचं अंतर

"बाई, जरा दोन बोटं द्या."

सांधेवाले नाना आमच्या शेजारी राहायला आल्यानंतर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी कुंपणाशी कढीपत्ता तोडत होते. नानांनी खिशातून पोलादी पट्टी काढली, माझ्या दोन बोटांची मिळून रुंदी मोजली, "बत्तीस" असं पुटपुटले आणि घरात निघून गेले. थळच्या शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं. लोकांनी माझ्याकडे बरंच काही मागितलं होतं, पण बोटं कोणी मागितली नव्हती.

पुढच्या चार दिवसांत कळलं की त्यांनी मासळीवालीची, गॅसवाल्याची आणि पोस्टमनचीही बोटं मोजली होती. नाना घाटाखालच्या एका मोठ्या रेल्वे यार्डात सांधेवाला होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते तो सांधा बदलणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या, आमच्या काकूंच्या गावी, म्हणजे थळला आले आणि पडवीत आठ फूट लांब, एक फूट रुंद फळी ठोकून बसले. त्या फळीवर त्यांना आपलं यार्ड उभं करायचं होतं. खेळण्यातलं, पण हुबेहूब. त्यांच्या पुण्यातल्या मुलाने रूळ, सांधे, इंजिन आणि वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, पाठवले होते.

"वाघीण पडली की उचलायला बोटं आत गेली पायजेत," नानांनी मला समजावलं. "म्हणून दोन लायनींमध्ये बोटांपुरती जागा ठेवायची."

"कोणाच्या बोटांपुरती?"

"हेच तर ठरत न्हाय, बाई."

ते का ठरत नव्हतं, हे काकूंनी सांगितलं. नानांचे हात थरथरायला लागले होते. हे वाढत जाणार, असं अलिबागच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हात चालतायत तोवर आपलं यार्ड आपल्या हातांनी चालवावं, एवढीच त्यांची इच्छा. पण लोखंडी दांडे ओढून ओढून त्यांची बोटं जाडजूड झालेली. त्या बोटांना जागा ठेवली तर फळीवर चारच रूळ बसत, आणि त्यांच्या यार्डात होते सहा. "चार लायनींना यार्ड म्हणत न्हाईत," ते कळवळून म्हणायचे. सहा बसवले तर त्यांचं बोट आत जाणार नाही. म्हणजे यार्ड खरं हवं की आपलं, एवढाच प्रश्न. सोमवारी चार ठरत, मंगळवारी सहा. बुधवारी ते माझ्याकडे अशा नजरेने बघत की जणू मीच काही लपवून ठेवलंय.

आराखडा काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नाना मास्तर म्हणून फार कडक. "रेल्वेत कडेपासून मोजत न्हाईत. या लायनीच्या मधापासून त्या लायनीच्या मधापर्यंत. म्हणा." मी म्हणायचे. मीच मुलांना पाढे म्हणायला लावलेले, त्याची फेड झाली. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी सांध्यांचे आकार केले होते आणि ते फळीवर तिरक्या शिडीसारखे मांडून बघायचे. प्रत्येक सांधा लांबी खातो. सहावा रूळ मांडला की त्यावर जेमतेम दोन वाघिणी उभ्या राहत. मी एकदा त्यांना म्हटलं, "नाना, माझं डोकं चालेनासं झालंय." ते खूश होऊन म्हणाले, "तुम्ही गोंधळलात म्हंजे बरोबर चाललंय."

मग एका सकाळी त्यांनी चिठ्ठी दिली. तिच्यावर हिरव्या पेनने एकच आकडा होता, पन्नास. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी मधापासून मधापर्यंत पन्नास मिलिमीटर धरले, आणि काय आश्चर्य, फळीवर सहा रूळ बसले! नानांनी आराखडा दोनदा मोजला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोजला आणि खाली सही केली.

दोन महिने ते खिळे ठोकत होते. शेवटी शेजारशेजारच्या दोन रुळांवर वाघिणी उभ्या राहिल्या तेव्हा मी पट्टी मागून घेतली. वाघिणीची रुंदी तीस. पन्नासातून तीस गेले, राहिले वीस. नानांनी लिहिलेले पन्नास हे त्यांच्या बोटांसाठी लागणारी मोकळी जागा होती, आणि मी ते रेल्वेच्या रीतीने मोजलं होतं! आता त्यांचं एकही बोट धड आत जात नव्हतं.

"नाना, उखडू या. चूक झाली."

"कोणाची?"

कोणाची, हे मला आजही सांगता येत नाही. प्रत्येक खिळा पट्टी लावून ठोकणाऱ्या माणसाला दोन महिन्यांत हे दिसलं नसेल? की पहिल्या दिवशीच दिसलं होतं? नानांना जाऊन दीड वर्ष झालं. ते असताना मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "हिशोब तर तुम्ही केलात." त्यांची फार आठवण येते आणि रागही येतो.

गाडी पहिल्यांदा चालली त्या दिवशी काकू ओसरीवर बोंबील साफ करत बसल्या होत्या. हे यार्ड त्यांना कधीच आवडलं नव्हतं. पडवी अडवली म्हणून त्या रोज करवादायच्या. तिसऱ्या सांध्यावर वाघीण पडली. नानांनी हात पुढे केला. बोट आत जाईना. त्यांनी तो मागे घेतला आणि हाक मारली, "अगो, ये जरा. तुझीच बोटं जातील."

काकू हात धुऊन, पदराला पुसत आल्या. फळीपाशी थबकल्या.

"बावीस वर्सं तुमच्या यार्डाच्या फाटकावर भाकरी दिली," त्या म्हणाल्या. "आत पाय टाकू दिला न्हाय कवा. बायकांना मनाई हाय म्हनायचात."

"व्हती मनाई. आता न्हाय."

काकूंनी दोन बारीक बोटांनी वाघीण अलगद उचलली. "कुठं ठेवू?"

प्रत्येक वाघिणीची जागा हिरव्या पेनने लिहून ठेवणारे नाना दोन्ही हात मागे बांधून उभे होते. डोळे भरले होते त्यांचे.

"तुला वाटंल त्या लायनीवर ठेव."

मी पुन्हा गोंधळले. काकू मात्र गोंधळल्या नाहीत. त्यांनी वाघीण नेऊन सहाव्या रुळावर ठेवली.