अकरा पिल्ले आणि चिकाची वाट

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सव्वीस वर्षे एका वराहपालन केंद्रात, डुकरांच्या प्रसूतीच्या खोलीत काम केले. तेथे त्यांना सर्वजण दाई म्हणत. मी नऊ वर्षे त्यांच्या हाताखाली होते. त्यांचा स्वभाव कडक होता. माझे यजमान म्हणत की वहिनींना माणसांपेक्षा डुकरांचा लळा जास्त. त्यावर त्या शांतपणे म्हणत, "डुकरं उलटून बोलत नाहीत, भावजी."

पिल्लाच्या आतड्याची माहिती मला त्यांनीच दिली. माणसाचे मूल आईच्या उदरातूनच रोगाशी झुंजण्याचे थोडे बळ घेऊन येते. डुकराचे पिल्लू मात्र त्या बाबतीत रित्या हाताने जन्मते. ते बळ त्याला आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून मिळावे लागते. जन्मानंतर साधारण एक दिवस त्याच्या आतड्याची दारे जणू उघडी असतात आणि चिकातले बळ न पचता थेट रक्तात उतरते. मग ती दारे मिटतात. त्याआधी पोटात दुसरे दूध गेले, तर ती अधिक लवकर मिटू लागतात. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी पोट भरते, बळ मिळत नाही.

एके दिवशी सकाळी सहा वाजता कानतुटी नावाची डुकरीण अकरा पिल्ले व्याली आणि तापाने फणफणली. तिची कास दगडासारखी झाली. थेंब निघेना. गोठवून ठेवलेला चीक आदल्या आठवड्यातच संपला होता. डॉक्टरांनी सुई टोचली. परंतु पान्हा कधी फुटेल हे ते सांगू शकले नाहीत. एकच आशा होती. शेजारच्या कप्प्यातील पांढरी त्या दिवशी विणार होती, आणि विताना डुकरिणीचा चीक आपोआप वाहतो.

दहा वाजता मालक आले. पिल्ले भुकेने किंचाळत होती. गाईचे दूध पाजा, असे त्यांनी फर्मावले. जाऊबाईंनी स्पष्ट नकार दिला. मेली तर जबाबदारी तुमची, असे मालक म्हणाले. ती माझीच, असे जाऊबाईंनी उत्तर दिले. मालक गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!"

त्या पांढरीजवळ जाऊन बसल्या. मी पिल्लांपाशी दिव्याच्या उबेत थांबले. अकरा वाजले, बारा वाजले. पांढरी नुसती पेंढा चघळीत होती. पिल्लांचे आवाज हळूहळू बारीक होऊ लागले. माझा जीव टांगणीला लागला होता. अखेर मला राहवले नाही. मी बाटलीत कोमट गाईचे दूध घेतले आणि तीन पिल्लांना पाजले. ती तत्काळ झोपी गेली. मला बरे वाटले, हे मी लपवीत नाही.

अर्ध्या तासातच पांढरीचे पहिले पिल्लू बाहेर आले. जाऊबाईंनी मला हाक मारली. मी पिल्लांची टोपली घेऊन गेले आणि तशीच उभी राहिले.

"आण ना इकडे. काय झालं?"

"जाऊबाई, मी तिघांना दूध पाजलं."

त्यांची बोटे सडावरून हलली नाहीत. पिवळा, दाट चीक वाटीत पडत राहिला.

"कोणत्या तिघांना?"

मला सांगता येईना. सर्व पिल्ले सारखीच गुलाबी होती आणि उबेसाठी एकमेकांत मिसळली होती. जाऊबाईंनी वाटी माझ्या हाती दिली आणि एकेका पिल्लाचे पोट बोटांनी चाचपले. दोन पोटे तट्ट लागली. तिसरे काही कळेना. त्या दोघांना त्यांनी सर्वांत आधी चीक पाजला, कारण त्यांची वेळ सरत होती.

पांढरीच्या पिल्लांच्या तोंडचे काढायचे नव्हते. म्हणून प्रत्येक सडातून थोडाच चीक घेऊन, सुई काढलेल्या सिरिंजने आम्ही तो थेंबाथेंबाने पाजीत होतो. एकदा माझ्याकडून दट्ट्या जोरात दाबला गेला.

"हळू," त्या म्हणाल्या. "श्वासात गेला तर आपणच मारलं म्हणायचं."

अकरावे पिल्लू चार वाजता प्याले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानतुटीला पान्हा फुटला आणि पिल्ले तिलाच पिऊ लागली.

चौथ्या दिवशी त्या दोघांना पाण्यासारखी हगवण लागली. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेली. दुसऱ्या दिवशी मालक आले, तेव्हा जाऊबाईंनी दोन दगावल्याचे सांगितले आणि जबाबदारी आपली आहे, एवढेच म्हणाल्या. मी पुढे झाले. "दूध मी पाजलं होतं. यांनी नको म्हटलं होतं." दूध पाजा, असे तर मालकच म्हणाले होते. ते उरलेली पिल्ले मोजून निघून गेले.

तिसरे पिल्लू उरलेल्या नवांत होते. कोणते, हे ठाऊक नसल्यामुळे मी रोज सकाळ-संध्याकाळ नऊच्या नऊ शेपट्या उचलून हगवण लागली का ते पाहत असे. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी जाऊबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बस झालं. आता पिऊ दे त्यांना निवांत."