स्टेज वन, पण जात कुठली?

त्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

आज माझ्या सासूबाईंना जाऊन एक वर्ष झालं. घोडपदेवच्या आमच्या चाळीत सगळे त्यांना काकी म्हणायचे. मी आई म्हणायचे.

पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि एक दिवस रक्त दिसलं. आईंनी लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन डॉक्टरकडे.

बायोप्सी झाली, ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं.

डॉक्टर हसून म्हणाला, "आतल्या अस्तराचा कॅन्सर. स्टेज वन. कॅन्सरमधला गरीब कॅन्सर हा. पेढे वाटा."

आईंनी खरंच वाटले.

वर्षाच्या आत पोटात पाणी भरलं. कॅन्सर परत आला होता.

परळच्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी ऑपरेशननंतरचा जुना रिपोर्ट वाचला.

एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "किती पसरलाय ती स्टेज. पण अस्तराच्या कॅन्सरच्याही जाती असतात. बहुतेकींना होतो तो हळू वाढतो. काकींचा सिरस जातीचा आहे. हा लहान असतानाच पसरू शकतो. ऑपरेशननंतर केमो द्यायला हवी होती. आता गाठीचे जीन्स तपासूनही गट ठरवतात. इथे तर जात सरळ लिहिलेली आहे."

आई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या दुखण्याची पण जात बघूक व्हयी होती?"

केमोत केस गेले. डोक्याला रुमाल बांधून आई त्या पहिल्या डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये गेल्या. बाहेर बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या,

"पाळी गेल्यावर रक्त दिसला तर गप रवू नकात. आणि ह्यांनी स्टेज वन सांगितला, तर विचारा, जात खयची?"

तो धावत बाहेर आला. "मावशी, आत या ना. या वयात तसाही फार फरक पडला नसता."

"ता माका ठरवूक दिलास काय?"

आई वाचल्याच असत्या, असं मीही म्हणत नाही. पण तो चान्स त्यांचा होता. याने रिपोर्ट नीट न वाचता घालवला.

मेडिकल काउन्सिलकडे तक्रार आईंनी स्वतः केली. त्या गेल्यावर डॉक्टरचा माणूस घरी आला. "काकी तर गेल्या वहिनी. आता कशाला?"

नवरासुद्धा म्हणतो, सोड आता.

नाही सोडणार. सुनावणीत त्याला काउन्सिलच्या टेबलासमोर बसून तो रिपोर्ट मोठ्याने वाचावा लागेल. मी समोर बसून ऐकणार आहे.

आई, तुम्ही निवांत झोपा. भांडायला मी आहे.