एकविसावी काडी

आधीच सांगून ठेवतो, संकेत-बिंकेत मी मानत नाही. जहाजांच्या इंजिनांत आयुष्य गेलं... तिथे एखादी गोष्ट बंद पडते त्याला कारण असतं आणि चालू होते त्यालाही असतं.

नव्वदीतली गोष्ट. परदेशात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर लाल आकड्यांचं बारा-ताशी डिजिटल घड्याळ होतं. माझे सासरे, अण्णा, पुण्याहून राहायला आले आणि थेट त्या घड्याळाच्या प्रेमात पडले! प्रत्येक आकडा छोट्या काड्यांचा – एकाला दोन, आठाला सात. अण्णा दिवसभर पेटलेल्या काड्या मोजत. त्यांचा निकाल : सगळ्यात श्रीमंत मिनिट १०:०८. एकवीस काड्या!

पण आमच्या घड्याळातल्या शेवटच्या आकड्याची मधली काडी मेलेली. आठाचं शून्य दिसे. म्हणजे १०:०८ ला पुन्हा १०:०० आणि काड्या वीसच.

"जावईबापू, लागेल ती एक दिवस."

"अण्णा, मेलीये ती."

"लावता पैज?"

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण मिळतं. काडी लागली तर ते उलट मी अण्णांना द्यायचं ठरलं. माझी बायको सुधा म्हणाली, "आणि तळायचे कुणी? मीच ना!"

पुढच्या वर्षी पुण्यात अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दुसरा दिवस उजाडला तरी शुद्ध नाही. सुधा सकाळपासून फोनला चिकटून. मी अण्णांनी लावलेल्या सवयीने घड्याळाकडे बघत काड्या पुटपुटत होतो.

"अहो, बास करा ना ते मोजणं!"

१०:०७ गेलं... आणि आठ उमटला. अख्खा आठ! जन्मात कधी काड्या न मोजलेल्या सुधाने उठून बोटाने मोजल्या.

"एकवीस," म्हणाली आणि रडायलाच लागली.

मिनिट सरलं, काडी विझली. तेवढ्यात फोन. मेहुणा होता.

"भावोजी, अण्णांनी आत्ता डोळे उघडले! पण जरा भ्रमात आहेत. नर्सला म्हणतात, जावईबापूंना सांगा, अनारसे पाठवा."

काडीचं ठीक आहे – लूज कॉन्टॅक्ट म्हणू. पण अण्णांना कुणी कळवलं? त्यांना स्वतःलाही काही आठवत नव्हतं. ती काडी नंतर कधीच लागली नाही आणि कारण मला आजवर सापडलेलं नाही.

डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. तरी मी डबा घेऊन पुण्याला गेलो. अण्णांनी एकही अनारसा खाल्ला नाही.

फक्त मोजले.