‘नाही तुटली’ असं मी लिहिलं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, देव जाणे. आणि सांगताना तरी नीट जमेल का — कारण खोटं नेमकं कुठे बोलले, याचाच माझ्या डोक्यात अजून गोंधळ आहे.

डिप्लोमा झाल्यावर तलासरीला फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये मी तपासणीला होते. होडीच्या मागच्या बाजूला होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यासाठी भोक पाडतात ना, त्यातून चपातीएवढी चकती निघते. तिची पट्टी कापायची, मशिनला लावायची आणि खाली-वर वाकवत ठेवायची. दिवसच्या दिवस! फायबर एका दणक्याने सहसा जात नाही हो, थोडं थोडं वाकून थकतं. समुद्र त्याला तसंच थकवतो.

२०१५ च्या पावसाळ्यात वरोरच्या दामूकाकांची होडी होती. नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरवायची, म्हणून दमट हवेतच फायबरचे थर चढवले; तसे थर नीट धरत नाहीत. मला दिसत होतं. बोलले का? नाही बोलले. नवीन होते, शेठ तापट — जाऊ दे, ही कारणं झाली.

पट्टी वाकवण्याचे ठरलेले फेरे पुरे करून मशिनवरून उतरली. अख्खी. पण मधोमध एक पांढरी रेघ. आतले धागे सुटू लागले की तशी रेघ येते, आणि ती आली की होडी थांबवायची, हे मला पक्कं शिकवलेलं होतं. कागदावर मात्र दोनच रकाने: तुटली, नाही तुटली. मी ‘नाही तुटली’वर खूण केली. मग खोटं कुठे होतं? तुम्हीच सांगा! किती वर्षं मी स्वतःला असंच गुंडाळत आले.

होडी न्यायला काका आले, सोबत धाकटा भाऊ मोहन. काका मला म्हणाले, “ताई, तुमी शिकलेल्या. तुमच्या सख्ख्या भावाला या होडीत पाठवशाल का?”

“बिनधास्त,” मी म्हणाले. हसूनसुद्धा म्हणाले.

दोन वर्षांनी होडी दांड्याजवळ चिरली. मोहन सुकाणूवर होता. शेजारच्या होडीने सगळ्यांना उचललं, माणसं वाचली, होडी गेली. काका धरून बसले की मोहनने समुद्रात रोवलेल्या जाळ्याच्या खुंटाला आपटवली. मोहन शपथेवर सांगत होता, कुठेच लागली नाही. शेवटी दोघं शेडमध्ये आले. माझ्यासमोर उभे राहिले. काकांनी विचारलं, फायबर तर चांगलं होतं ना? मोहन माझ्याकडे बघत होता — आशेनं बघत होता हो, जीव टांगणीला लागल्यासारखा.

मी म्हणाले, “कुठेतरी आपटली असेल, काका.”

खरंच आपटली असेल का? मला माहीत नाही. आजही माहीत नाही. त्या रेघेने ती फुटली की खुंटाने, हे कुणी सांगू शकणार नाही. पण रेघ होती, एवढं तरी मी सांगू शकत होते की नाही? तेवढ्याने मोहनची बाजू उभी राहिली असती. माझी नोकरी गेली असती, नाव गेलं असतं. भित्री मेली! त्याच महिन्यात मोहन घर सोडून गुजरातेत परक्या होडीवर खलाशी म्हणून गेला.

पुढच्या वर्षी मी शेड सोडली. २०१९ मध्ये वाणगावच्या बाजारात काकू मासे घेऊन बसल्या होत्या, काका शेजारी. मला बघून इतके खूश झाले की विचारू नका. नको नको म्हणत असताना बोंबील माझ्या पिशवीत कोंबले. मग हळूच म्हणाले, आई गेली तेव्हाही मोहनला दारात उभं केलं नाही. “चूक झाली म्हणाला असता ना, ताई, तर तवाच घरात घेतला असता. पन अजून खोटंच बोलतंय.”

मी पिशवी सावरली.

“हो ना, काका,” म्हणाले, आणि घरी येऊन ते बोंबील तळले.