काळी चारचा सूर
हार्मोनियमच्या पेटीचं झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला अड्याळचा मेळावा आठवतो. तालुक्यातल्या भजन मंडळांचा संघ तिथं दरवर्षी स्पर्धा भरवतो. त्या वर्षी आमचे पेटीमास्तर नुकतेच वारले होते, आणि पेटीशिवाय मंडळाला स्पर्धेत घेत नाहीत. मंडपात धानाच्या तणसावर सतरंज्या अंथरल्या होत्या. आमचं नाव पुकारलं, तशी मास्तरांची बायको उठली आणि सरळ पेटीमागे जाऊन बसली. संघाच्या अध्यक्षांनी विचारलं, "वहिनी, तुमाले पेटी येते काय?" "नाही येत. ते रोज पहिलं बोट इथं ठेवत, तेवढं माहीत हाये." तिनं भाता ओढला आणि काळी चारची पट्टी दाबून धरली. त्या एका सुरावर आम्ही अख्खं भजन गायलो. खंजेरी थांबली, टाळ थांबले, तिचं बोट मात्र उठेना. अध्यक्षांनी वेळ संपल्याच्या घंटीवर ठेवलेला हात मागे घेतला. बक्षीस कोंढ्याच्या मंडळाला गेलं. ते गायलेही चांगले होते. ती पेटी आता मी वाजवतो. परवा दुरुस्तीवाला म्हणाला, "काळी चार उतरली हाये, नवा सूर बसवून देऊ काय?" मी म्हटलं, "राहू दे, आमचं मंडळ त्याच सुरात गाते."