ताईच्या हातचं खाद्य

माझ्या ताईने बावीस वर्षं कारखान्यात कोळंबीची डोकी तोडली. फेकून द्यायची ती डोकी मत्स्यबीज केंद्रातल्या मॅडमना हवीशी झाली, तेव्हा डोक्यांबरोबर ताईही तिकडे गेली. डोकी शिजवायची, वाळवायची, दळायची आणि तलम कापडातून चाळायची, कारण ती खाणाऱ्या माशाच्या पिल्लाचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं. ती भुकटी ताई हातानेच पाण्यात कालवते. यंत्रावर तिचा विश्वास नाही. माझ्यावर तर नाहीच नाही.

तिची एकुलती एक लेक चार वर्षांपूर्वी भांडून दूर नोकरीला गेली. जाताना म्हणाली, "तुझ्या हाताचा वास माझ्या कपड्यांना लागतो, आई." ते ताईने मनाला लावून घेतलं. या महिन्यात लेकीचा फोन आला, रविवारी येते म्हणून. झालं! ताईने गुलाबाच्या वासाचा साबण आणला आणि दिवसातून दहा वेळा हात घासायला लागली.

"सालटं निघतील अगं," मी म्हटलं.

ऐकेल तर ती ताई कसली!

गुरुवारी केंद्रात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अंड्यातून निघालेली पिल्लं तीन दिवस पोटातल्या बलकावर काढतात. मग तोंड उघडतं, आणि वेळेत खाल्लं नाही तर मरतात. काचेसारखी आरपार पोरं ती. खाल्लं की पोटात केशरी ठिपका दिसतो. त्या दिवशी एकाही पोटात ठिपका नव्हता. मॅडमनी खाद्याचं भांडं हुंगलं, मग ताईचे हात.

"मावशी, सोमवारपर्यंत साबण बंद."

"रविवारी माझी लेक येतेय हो..." ताईला रडूच कोसळलं. मग डोळे पुसून तिने डोक्यांच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घातले. शुक्रवारी दुपारी भिंगाखाली ठिपकेच ठिपके.

रविवारी लेक आली नाही. सुट्टी मिळाली नाही म्हणून फोन केला. स्पीकर चालू होता.

"बरंच झालं गं," ताई म्हणाली. "हातांना वास मारतोय."

पलीकडून लेकीचा आवाज आला.

"इथे मासळीचं एक दुकान आहे, आई. मी घेत काहीच नाही. नुसती जाऊन उभी राहते. दुकानदार आता हाकलायला लागलाय."

फोन ठेवल्यावर ताईने अर्धी झिजलेली साबणाची वडी माझ्या हातात कोंबली.

"घे, तू वापर," म्हणाली, आणि डोकी निवडायला बसली.