दार लावायचं नाही

हवा अशी ओलीचिंब होती की घराघरातली दारं फुगून बसली होती. सुतार सकाळी उठला तो रंधा हातात घेऊनच. स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकत होतं. ते बिजागऱ्यांवरून उतरवून त्यानं दोन स्टुलांवर आडवं टाकलं. रंधा फिरायला लागला, पायाशी कुरळे छिलके पडायला लागले, तोच आतून बायको म्हणाली, "अहो, आई आली."

आई म्हणजे सुताराच्या सासूबाई, आणि आली म्हणजे ऑनलाइन आली. मुक्काम त्यांचा पलीकडच्या गल्लीत. गुडघ्यांपायी जिना चढणं केव्हाच सुटलेलं, पण गेममध्ये लांब पल्ल्याची बंदूक पाठीला लावून या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या. संघ तिघांचा. सासूबाई कप्तान, बायकोकडं मलमपट्टी, आणि सुतारानं पुढं घुसायचं. घुसायचा झकास, पण मागं वळून दार लावून घ्यायचा. उभा जन्म दारं बसवण्यात गेलेला. उघडं दार दिसलं की हाताला खाज सुटायची. गेममधलं दार मात्र खाडकन वाजायचं, आणि तो आवाज ऐकून शत्रू अंगावर यायचे. अशानं संघ घसरत घसरत गोल्ड श्रेणीच्या अगदी खालच्या काठावर आला होता.

"जावईबापू," हेडफोनातून सासूबाई म्हणाल्या, "आज हरलो की सिल्व्हर. आणि सिल्व्हरमध्ये गेलो की तुमच्या जागी तुमचे साडू."

साडू म्हणजे खिळ्याऐवजी बोट ठोकणारा माणूस. त्याच्याकडून जन्मभर ऐकून घ्यायचं?

"आई, आज एकही दार लावणार नाही. शब्द देतो."

"शब्द मागेही दिला होतात. संडासाचं लावलंत."

"ते संडासाचं होतं, आई. उघडं कसं टाकणार?"

मॅच सुरू झाली. सुतार झापडं बांधल्यासारखा पळत सुटला. गोदामाचं दार उघडं टाकलं, शाळेचं टाकलं, दवाखान्याचं टाकताना एकदा मागं वळून बघितलं, पण टाकलं. इतक्यात बायको जिन्यात पडली, सासूबाई गच्चीवर. आता दोघी मेल्या मेल्या सुताराच्याच डोळ्यांनी बघत होत्या. समोरच्यांतलाही एकच उरला होता. सुतार एका खोलीत दबा धरून बसला, आणि त्याची नजर समोरच्या दारावर गेली. बिजागऱ्या आणि कडी एकाच बाजूला.

"हे दार उघडतं तरी कसं?" तो पुटपुटला. माईक सगळ्यांना ऐकू जाईल असा चालू राहिला होता.

"काय झालं दाराला?" बाहेरून शत्रूचा आवाज आला.

"बिजागऱ्या बघा. आता कडी बघा."

शत्रू आत आला आणि सुताराकडं पाठ करून दाराशी वाकला.

"मारा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, माणूस काम बघतोय."

"अहो, मारा ना," बायको भिंतीपलीकडून.

"खरंच की," शत्रू म्हणाला. "बनवणाऱ्याच्या दोन थोबाडीत द्यायला पाहिजेत. सुतार का तुम्ही?"

"हो. तुम्ही?"

"प्लंबर. मागच्या खोलीत नळ आहे बघा, त्याला पाइपच नाही."

"कुठं?" म्हणत सुतार वळला. प्लंबरनं त्याला पाठीत गोळी घातली.

स्क्रीनवर सिल्व्हरचा बिल्ला आला.

"पाइप खरंच नव्हता, आई," सुतार म्हणाला.

"साडूंना निरोप गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे बघा, माझ्या बाथरूमचं दार घासतंय. संध्याकाळी येऊन जा."

"साडूंनाच सांगा की."

"त्यांना दारातलं काय कळतंय? म्हणून तर घेतलं."

सुतारानं हेडफोन काढून खुंटीला अडकवला. रंध्यात अडकलेला छिलका फुंकून उडवला, दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि जिथं खरखर लागली तिथून परत रंधा मारायला घेतला.